जन नाट्य मंच: पडदा नाही, तिकीट नाही, चारी बाजूंनी प्रेक्षक

तिसरी घंटा

नमस्कार मंडळी,

मागच्या आठवड्यात इथल्याच एका धाग्यावर वाचलं की पथनाट्य म्हणजे ज्यांना नाटक जमत नाही त्यांचा उद्योग. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, पण ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा काढतोय. नोकरीच्या निमित्ताने मी नऊ वर्षं दिल्लीत काढली. त्या काळात जन नाट्य मंच या पथनाट्य करणाऱ्या संस्थेचे (तिकडे सगळे 'जनम' म्हणतात) प्रयोग जमतील तेवढे पाहिले. माझी नाटकाची समज बदलली ती तिथे.

पहिला पाहिला तो एक जानेवारीचा, झंडापूरला. साहिबाबादची औद्योगिक वसाहत, दिल्लीच्या हद्दीला लागून, पण जिल्हा गाझियाबाद. धुकं असं की समोरच्या घराची गच्ची दिसेना. ढोलक वाजवणारा मुलगा शेकोटीपाशी उकिडवा बसून ढोलकचं तोंड शेकत होता. दमट हवेत कातडं सैल पडतं, आवाज बसतो, म्हणून. दर दोन मिनिटांनी बोटाने टिचकी मारून बघायचा आणि पुन्हा आचेवर धरायचा. मग एकदम कडक आवाज निघाला. तो ऐकून गल्लीतली पोरं धावत आली आणि थेट पुढे येऊन मातीत बसली. त्यांच्यामागे बायका, त्यांच्यामागे रात्रपाळी करून आलेले, मफलर गुंडाळलेले कामगार. काळे कुडते आणि निळ्या जीन्स घातलेली सात-आठ माणसं मध्ये आली. नेपथ्य नाही, माईक नाही, मेकअप नाही. मी दुसऱ्या रांगेत होतो. एक नट गुडघ्यावर पडला तेव्हा उडालेली धूळ माझ्या चपलेवर आली. नाटकाच्या इतक्या जवळ मी त्याआधी कधी बसलो नव्हतो.

आता इतिहास. जनम सुरू झालं १९७३ साली. दिल्ली विद्यापीठातली डाव्या विचारांची तरुण मुलं होती, 'इप्टा' या डाव्या नाट्यचळवळीची परंपरा दिल्लीत पुन्हा उभी करायची असं मनात होतं. इथे एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते: सुरुवातीला ते पथनाट्य करतच नव्हते. मोठी, रंगमंचावरची नाटकं उघड्या मैदानात, हजारो लोकांसमोर करायचे. सर्वेश्वर दयाल सक्सेना यांचं 'बकरी' हे त्यातलंच. १९७५ च्या जूनमध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाचा इंदिरा गांधींविरुद्धचा निकाल आला, तेव्हा 'कुर्सी कुर्सी कुर्सी' नावाचं छोटं प्रहसन त्यांनी रस्त्यावर केलं. पुढे काही दिवसांतच आणीबाणी लागली आणि सगळं थांबलं. जनमच्या संस्थापकांपैकी एक, सफदर हाश्मी, त्या काळात गढवाल, काश्मीर इथे इंग्रजी शिकवत होते.

आणीबाणी उठल्यावर पुन्हा जमले तेव्हा अडचण पैशाची होती. आधीची नाटकं ज्यांच्या आधारावर व्हायची त्या कामगार आणि किसान संघटनांचंच कंबरडं मोडलं होतं. मंच उभारायचा, दिवे आणायचे, टेम्पो करायचा, एका प्रयोगाचा हा खर्च त्यांना झेपेना. तेव्हा ठरलं की मोठी नाटकं लोकांपर्यंत नेता येत नसतील तर लहान नाटकं न्यायची. मनासारखी संहिता मिळेना, म्हणून स्वतःच लिहायला बसले.

त्यातून आलं 'मशीन'. सफदर आणि राकेश सक्सेना यांनी लिहिलेलं, जेमतेम तेरा मिनिटांचं. पहिला प्रयोग १५ ऑक्टोबर १९७८. मूळ घटना गाझियाबादकडच्या एका कारखान्यातली. कामगारांच्या मागण्या दोन: सायकली लावायला जागा आणि चहासाठी कँटीन. त्यावरून संप झाला, मालकाच्या रखवालदारांनी गोळ्या झाडल्या आणि सहा कामगार मेले.

एवढ्या सामग्रीवर कुणीही रडकं नाटक लिहिलं असतं. यांनी काय केलं बघा. पाच-सहा नट येतात आणि अंगांनीच एक यंत्र तयार करतात. एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावरून पुढे, तिसरा कमरेत वाकून वरखाली, प्रत्येकाच्या तोंडी वेगळा आवाज, खटक-खटक, फुस्स, घर्र. यंत्र लयीत चालतं. आणि अचानक थांबतं. सूत्रधार गोंधळतो: यंत्र कसं काय थांबलं? मग त्या यंत्रातूनच एकेक भाग सुटून बोलायला लागतो. कामगार, मालक, रखवालदार, सगळे त्या एकाच यंत्राचे तुकडे. सांगायचं होतं ते सगळं त्या रचनेतच आलंय, भाषण द्यावंच लागत नाही. मला तरी हे कुठल्याही बंद नाट्यगृहातल्या प्रतिमेइतकं पक्कं वाटतं.

महिन्याभराने तालकटोरा स्टेडियममध्ये देशभरातल्या कामगार प्रतिनिधींसमोर 'मशीन' झालं, दुसऱ्या दिवशी बोट क्लबच्या मेळाव्यात. काही प्रतिनिधींनी ते टेपरेकॉर्डरवर उतरवून घेतलं आणि आपापल्या गावी जाऊन आपल्या भाषेत केलं. छापील पुस्तकाची वाट कुणी पाहिली नाही.

त्यानंतर धडाकाच लागला. १९७९ च्या फेब्रुवारीत दिल्लीच्या बसचं भाडं वाढलं, तर काही तासांत 'डीटीसी की धांधली' बसवून थेट बस थांब्यांवर. मार्चमध्ये 'औरत', नोकरदार आणि कामगार स्त्रियांच्या परिषदेसाठी. त्याची सुरुवात मर्जिये अहमदी ओस्कुई या इराणी क्रांतिकारक स्त्रीच्या कवितेने होते. शाहच्या पोलिसांनी तिला मारलं होतं. सफदरच्या पत्नी मलयश्री हाश्मींनी यातली भूमिका वर्षानुवर्षं केली. दहा वर्षांत चोवीस पथनाट्यं आणि चार हजारांच्या आसपास प्रयोग. करणारे कोण? शिक्षक, विद्यार्थी, कारकून. दिवसभर नोकरी, संध्याकाळी तालीम, रविवारी वस्तीत प्रयोग.

१९८८ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या औद्योगिक पट्ट्यात सात दिवसांचा संप झाला. त्यासाठी 'चक्का जाम' बसवलं होतं, तेच पुढे बदलून 'हल्ला बोल' झालं. १ जानेवारी १९८९, झंडापूरचं आंबेडकर पार्क, नगरपालिका निवडणुकीचे दिवस. प्रयोग डाव्या कामगार संघटनेच्या उमेदवाराच्या पाठिंब्यासाठी होता. प्रयोग चालू असताना प्रतिस्पर्धी उमेदवाराची माणसं आली आणि वाट मागू लागली. सफदरनी सांगितलं, नाटक संपेपर्यंत थांबा किंवा दुसऱ्या वाटेने जा. त्यावर सळया आणि बंदुका निघाल्या. राम बहादूर हा कामगार जागीच गेला. सफदर जबर जखमी झाले आणि २ जानेवारीच्या रात्री दिल्लीच्या रुग्णालयात वारले. वय चौतीस. खुनाच्या खटल्याचा निकाल लागायला चौदा वर्षं लागली.

४ जानेवारीला, अंत्ययात्रेच्या दुसऱ्याच दिवशी, मलयश्री आणि बाकीचे नट त्याच जागी परत गेले आणि 'हल्ला बोल' पूर्ण केलं. ज्यांच्यासमोर ते तुटलं होतं, त्यातले अनेक जण त्या दिवशी पुन्हा उभे होते. तेव्हापासून दर एक जानेवारीला तिथे कार्यक्रम होतो. मी गेलो होतो तो त्यातलाच. १२ एप्रिल हा सफदरचा वाढदिवस देशभर पथनाट्य दिन म्हणून पाळतात, तोही तेव्हापासूनच.

मराठी वाचकांसाठी एक धागा जवळचा. जनमचे आजचे एक प्रमुख नट-दिग्दर्शक सुधन्व देशपांडे हे 'उध्वस्त धर्मशाळा'वाल्या नाटककार गो. पु. देशपांड्यांचे चिरंजीव. १९८७ पासून ते तिथे आहेत आणि त्या एक जानेवारीलाही तिथेच होते.

तुम्हीही जनमचं किंवा आपल्याकडचं असं काही पाहिलं असेल तर जरूर लिहा.

---

पाऊलवाट

फार छान लिहिलंय. 'मशीन'चं वर्णन वाचताना डोळ्यांसमोर उभं राहिलं.

एक भर घालते. इप्टाचा उल्लेख आलाय, तर त्याची मुळं आपल्या मुंबईतली. इप्टाची स्थापना १९४३ साली मुंबईत झाली. पुढच्याच वर्षी अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं. गिरणगावात चाळीच्या पटांगणात, गिरणीच्या फाटकाबाहेर, कधी नुसत्या टेबलावर उभं राहून त्यांचे कार्यक्रम व्हायचे. माझे आजोबा लालबागला राहायचे. ते सांगायचे की अमर शेखांचा आवाज लागला की दुसऱ्या चाळीतले लोक गॅलरीत यायचे, माईकची गरज नसायची. तमाशातली बतावणी घेऊन अण्णाभाऊंनी तिच्यात सावकार, मालक, दलाल आणले. त्यामुळे दिल्लीच्या मुलांनी हे शोधून काढलं असं कुणी म्हणू नये, एवढंच.

---

तिसरी घंटा

@पाऊलवाट, अगदी बरोबर, आणि जनमची मंडळीही ते ऋण मानतात. फरक एकच जाणवतो. लाल बावट्याकडे तमाशा आणि शाहिरीचा तयार घाट होता. दिल्लीतल्या कामगार वस्त्यांत बिहार, पूर्व उत्तर प्रदेश, राजस्थान, नेपाळ असे कुठकुठले लोक एका गल्लीत. सगळ्यांना आपली वाटेल अशी एक लोककला नव्हती. म्हणून शरीर, ताल आणि बोलीतली हिंदी यांतून त्यांना घाट नव्याने घडवावा लागला.

---

काजूबोंड

तुमचा लेख आवडला, पण फुकट आणि उघड्यावर म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे दशावतार येतो. आमच्या सिंधुदुर्गात दिवाळीनंतर जत्रा सुरू झाल्या की प्रत्येक गावात एक रात्र ठरलेली. पालखी देवळाभोवती फिरून आली की नाटक सुरू, ते पहाट होईपर्यंत. तिकीट कधीच नाही. येईल त्याने बसावं, पोरांनी घोंगडी घेऊन पुढे झोपावं, राक्षस आला की आईने उठवावं.

नेपथ्य म्हणजे एक लाकडी बाकडं. तेच सिंहासन, तोच पर्वत, तोच पलंग. लिखित संहिता नसते. कंपनीचा जाणता माणूस संध्याकाळी आख्यान सांगतो, प्रवेश लावून देतो, बाकी संवाद ज्याने त्याने तिथल्या तिथे बोलायचे. लहानपणी मी रंगायच्या जागेत घुसून बसायचो. प्रत्येक नट आपल्या ट्रंकेपाशी मांडी घालून, झाकणाच्या आतल्या आरशात बघून स्वतःच रंगतो. दिवसा शेतात राबणारा माणूस. मिशी सफाचट केलेली, कारण रात्री त्याला दमयंती व्हायचंय. लुगडं नेसून उठला की आम्ही पोरं आपोआप बाजूला सरकायचो, इतका तो बदललेला असायचा.

आता मुद्दा. हे प्रेक्षकाला फुकट आहे, पण कंपनीला गाव बिदागी देतं, देवस्थान जेवण देतं. गाव पाठीशी आहे म्हणून शेकडो वर्षं चाललंय. जनमचं कसं चालतं? पन्नास वर्षं नुसत्या उत्साहावर निघत नाहीत.

---

तिसरी घंटा

@काजूबोंड, आरशाचं वाचून खरंच तिथे जाऊन आल्यासारखं वाटलं. दशावतारावर वेगळा धागा काढा, ही मनापासून विनंती.

पैशाचं सांगतो. जनम सरकारचं, कंपन्यांचं किंवा परदेशी संस्थांचं अनुदान घेत नाही, हे धोरण पहिल्यापासून. प्रयोग संपला की दोन नट चादर धरून प्रेक्षकांतून फिरतात. त्याआधी एक जण दोन वाक्यांत सांगतो की आम्ही कोण, पैसे कशासाठी. मी पाहिलंय, वस्तीतली बाई पदराची गाठ सोडून दोन रुपये टाकते आणि वर विचारते, पुन्हा कधी येणार? बोलावणारी संघटना प्रवासाचं बघते. नटांना मानधन नाही.

चादर फिरवणं म्हणजे भीक मागणं असं काहींना वाटतं. मला ती तिकीट खिडकीपेक्षा जास्त सचोटीची वाटते, कारण नाटक बघून झाल्यावर किंमत ठरते आणि ती प्रेक्षक ठरवतो.

हळूहळू स्वतःची जागाही झाली. २०१२ साली पश्चिम दिल्लीत शादी खामपूरला 'स्टुडिओ सफदर' सुरू झालं, शेजारीच पुस्तकांचं दुकान. वस्तीच्या मधोमध आहे, भाजीच्या गाड्यांमधून वाट काढत जावं लागतं. तालीम चालू असताना शेजारची पोरं दारात उभी राहून बघतात, त्यांना कुणी हाकलत नाही.

---

निंबोणी

लेख वाचला. माझा प्रश्न थोडा टोचेल, पण विचारतेच. ही मंडळी उघडपणे एका पक्षाच्या जवळची. निवडणुकीत उमेदवारासाठी नाटक करायचं म्हणजे तो प्रचार झाला. मग त्याला कला का म्हणायचं? आणि आज आपल्याकडे पथनाट्य म्हटलं की हेल्मेट घाला, कचरा वेगळा करा, एवढंच उरलंय. दोन्हीकडे आधी संदेश ठरतो, नाटक नंतर.

---

तिसरी घंटा

@निंबोणी, प्रश्न रास्त आहे. सफदर मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होते, आणि त्या दिवशी झंडापूरला डाव्या कामगार संघटनेच्या उमेदवाराच्या पाठिंब्यासाठीच नाटक होतं. जनमने हे कधी लपवलं नाही. त्यांची सगळीच नाटकं सारखी उतरली असंही मी म्हणणार नाही. घाईत बसवलेली काही आठ-दहा दिवसांत शिळी झाली, आणि ती तेवढ्यासाठीच होती.

पण आधी संदेश आणि मग नाटक हे 'औरत'ला किंवा 'मशीन'ला लागू होत नाही. 'औरत' वर्षानुवर्षं चाललं, कारण त्यातली मुलगी, बायको, कामगार बाई बघताना प्रेक्षकांतली बाई आपल्या नवऱ्याकडे बघते. हे मी रांगेत बसून पाहिलंय. आणि सफदर काही फक्त पथनाट्यावर अडून बसलेले नव्हते. १९८८ मध्ये प्रेमचंदांच्या कथेवरून 'मोटेराम का सत्याग्रह' हबीब तन्वीरांनी जनमबरोबर बसवलं, रीतसर मंचावर, गाण्यांसकट. पुढे १९९७ साली जनमने 'सफर' नावाचा फिरता रंगमंचही तयार केला.

हेल्मेटवाल्या पथनाट्याबद्दल तुमच्याशी सहमत. तिथे नट प्रेक्षकाला शिकवायला येतो. जनमच्या नाटकात प्रेक्षकाला जे आधीच ठाऊक असतं तेच त्याच्यासमोर मांडतात, पण असं की त्याला त्याचा राग यावा.

---

अबोलीचा गजरा

निंबोणीताई, आपल्याकडे हेल्मेटच्या पलीकडचं बरंच झालंय. स्त्री मुक्ती संघटनेचं 'मुलगी झाली हो', ज्योती म्हापसेकरांनी लिहिलेलं, १९८३ सालचं. आमच्या वाडीच्या पटांगणात झालं तेव्हा मी सातवीत होते. सतरंजी अंथरली होती, ट्यूबलाइट एकच, तीही एका घरातून वायर ओढून घेतलेली. नाटकातल्या बायका आमच्या आयांसारख्याच दिसत होत्या, साध्या साड्या, हातात पाटल्या. मुलगी जन्मल्यावर घरातल्यांचे चेहरे पडतात तो भाग आला आणि माझ्या शेजारी बसलेल्या काकू तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. त्यांना चौथी मुलगी त्याच वर्षी झाली होती. नाटक संपल्यावर त्या उठून त्या बायकांशी बराच वेळ बोलत उभ्या होत्या. बंद थिएटरात पडदा पडला की लोक स्कूटर काढायला पळतात. इथे कुणाला कुठे जायचंच नव्हतं, नाटक आमच्या दारातच आलं होतं.

---

गव्हाची लोंबी

कॉलेजात पथनाट्य केलंय, त्यामुळे तांत्रिक प्रश्न. आमचा पहिला प्रयोग बाजारपेठेत पार कोसळला. मागच्या दुकानात स्पीकर लागलेला, आम्ही घसा फाडून ओरडलो, तिसऱ्या मिनिटाला मुख्य पात्राचा आवाज गेला. एका व्यापाऱ्याने गाडी काढायची म्हणून रिंगण मोडलं, ते पुन्हा जमलंच नाही. जनमवाले हे कसं सांभाळतात?

---

तिसरी घंटा

@गव्हाची लोंबी, मी त्यांच्या एका दादांना हेच विचारलं होतं. लक्षात राहिलं ते सांगतो.

जागा आधी चालून बघायची. एका बाजूला भिंत असेल तर उत्तम, आवाज परत येतो. रहदारी जाते ती बाजू सोडायची. ढोलकने लोक बोलवायचे आणि पहिल्या रांगेला खाली बसवायचं, त्याशिवाय सुरुवात करायची नाही. बसलेली रांग हीच रंगमंचाची कड. ती असली की वाट काढणारा माणूसही वळसा घालून जातो.

रिंगणात पाठ कुणाकडे तरी असणारच, म्हणून एका जागी फार वेळ थांबायचं नाही. महत्त्वाचं वाक्य फिरता फिरता दोनदा येईल असं लिहायचं, किंवा कोरसने उचलायचं. यामुळेच त्यांच्या संहितेत पुनरुक्ती दिसते. वाचताना ती खटकते, रिंगणात लागतेच. आवाजासाठी ओरडायचं नाही, शब्दाचं शेवटचं अक्षर सोडायचं नाही. आपल्याकडे वाक्याचा शेवट गिळायची सवय असते, उघड्यावर तिथेच अर्थ जातो.

आणि कुत्रं मध्ये आलं, लहान मूल रांगत आलं, तर ते दिसलंच नाही असं करायचं नाही. त्याला नाटकात घ्यायचं. मी पाहिलेल्या एका प्रयोगात मालक झालेल्या नटाच्या पायाशी दोन वर्षांचं पोर येऊन उभं राहिलं. त्याने संवाद न तोडता त्याला उचललं, कडेवर घेऊनच पगारकपात जाहीर केली, आणि जाता जाता आईच्या हाती दिलं.

---

पाऊलवाट

यंदा डिसेंबर-जानेवारीत मुलीकडे नोएडाला असणार आहे. एक जानेवारीला झंडापूरला जावं असं फार वाटतंय. बाहेरच्या माणसाला जाता येतं का? आणि कसं जायचं?

---

तिसरी घंटा

@पाऊलवाट, अवश्य जा, कुणीही जाऊ शकतं, बोलावणं लागत नाही. मेट्रोने वैशालीला उतरा, पुढे रिक्षा. झंडापूर, आंबेडकर पार्क एवढं सांगा. वेळ निघण्याआधी एकदा विचारून घ्या. सकाळी कडाक्याची थंडी असते, तेव्हा शाल, कानटोपी हवीच. जमीन दवाने ओली असते, बसायला एखादं जाड वर्तमानपत्र न्या. चादरीत टाकायला सुटे पैसे वेगळे काढून ठेवा. आणि शक्यतो पुढे बसा, पोरांच्या मागे लगेच. ती सरकून जागा देतात.